जाड टायर, मोठी बॅटरी आणि मुरुडपर्यंतचा रस्ता

सायकल माझी नाही, मेव्हण्याची आहे, हे आधीच सांगून टाकतो. त्याची बदली झाली, नवीन घरात ठेवायला जागा नाही, तर म्हणाला "भावोजी, तुम्हीच चालवा, पडून राहिली तर बॅटरी मरेल." मला तरी अशी एखादी घ्यायचीच होती, त्यामुळे म्हटलं फुकटात ट्रायल मिळतेय तर नीट घेऊ. आधी ऑफिसला नेऊन बघू आणि मग एकदा लांब काढू.

तर ही आहे २६ इंची चाकांची, ४ इंच जाड टायरवाली ई-सायकल. मागच्या चाकात २५० वॉटची हब मोटर, ४८ व्होल्ट २० अँपिअर-अवरची बॅटरी. गुणाकार केला की ९६० वॉट-अवर होतात, म्हणजे जवळजवळ एक युनिट वीज बुडाखाली घेऊन फिरायचं. साध्या ई-सायकलींत याच्या निम्मी पण नसते बॅटरी. वजन बत्तीस किलो. मोटर २५ च्या स्पीडला कट होते आणि ते बरंच आहे, कारण आपल्याकडे २५० वॉट आणि ताशी २५ किमीच्या आत असेल तरच लायसन्स, नंबरप्लेट, इन्शुरन्स काही लागत नाही. बाजारात ५०० आणि ७५० वॉटच्या फॅट बाइक सर्रास 'सायकल' म्हणून विकतात, दिसायला भारी असतात, पण कायद्याने त्या सायकली नाहीत, उद्या काही झालं तर दुकानदार येणार नाही सोडवायला.

कंपनीचा दावा १२० किमीचा. बारीक अक्षरात लिहिलंय पेडल असिस्ट, म्हणजे पेडल मारताना मोटरची मदत, एक नंबरवर, सपाट रस्ता, ७० किलोचा माणूस. मी सत्तरचा लग्नाआधी होतो.

ऑफिसचं आधी. मुंबईत चेंबूर ते बीकेसी, अमर महालवरून, कधी एससीएलआर म्हणजे सांताक्रूझ-चेंबूर लिंक रोडने तर कधी खालून कुर्ल्यातून. हा रस्ता ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको, उखडलेले पेव्हर ब्लॉक, कामासाठी टाकलेल्या लोखंडी प्लेटा, पाइपलाइनसाठी खणून परत अर्धवट बुजवलेले पट्टे, आणि मध्येच एखादं गटाराचं झाकण रस्त्यापेक्षा चार बोटं खाली. इथे जाड टायर जे काम करतात ना ते शॉकअपला पण जमत नाही. साध्या सायकलवर मी रस्ता बघत चालवायचो, हिच्यावर रिक्षा बघत चालवतो, एवढा फरक. आणि घाम नाही. फेब्रुवारी संपत आला होता, दहा वाजता ऊन चढलेलं, तरी तीन नंबर असिस्टवर शर्ट कोरडा ठेवून पोहोचायचं. बाइकवाल्यांपेक्षा पाचेक मिनिटं जास्त लागत असतील, सिग्नलला सगळे एकत्रच उभे असतात शेवटी.

ऑफिसच्या बेसमेंटमधल्या सिक्युरिटीवाल्याला मात्र पेच पडला, "साहब ये साइकिल में लिखूं या टू-व्हीलर में?" टू-व्हीलरच्या पासला महिन्याचे पैसे लागतात, सायकलला फुकट, त्यामुळे मी पेडल मारून दाखवलं.

मग म्हटलं आता लांब काढूया. अलिबागच्या पुढचं मुरुड ठरलं, कारण भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणाऱ्या रो-रोमध्ये, म्हणजे गाड्या नेणाऱ्या बोटीत, सायकल चढवता येते आणि पनवेल-वडखळचा अख्खा त्रास वाचतो. २०२० मध्ये ही बोट सुरू झाली तेव्हापासून अलिबागला जाणाऱ्या सायकलवाल्यांचं आयुष्यच बदललंय. ईस्टर्न फ्रीवेवर दुचाकीला बंदी आहे, त्यामुळे पहाटे चेंबूरहून वडाळा, शिवडी, कॉटन ग्रीन, रे रोड असं फ्रीवेच्या खालून खालून गेलो. हा सकाळचा रस्ता छान असतो, ट्रक झोपलेले असतात, गोदामांची दारं बंद, आणि त्या रिकाम्या रस्त्यावर पहिल्यांदा टायरचा आवाज नीट ऐकू आला. घूं घूं घूं, सारखा. मोटरचा नाही हो, मोटर गप्प असते, डांबरावर त्या जाड गुट्ट्या घासतात त्याचा. दिवसा ट्रॅफिकमध्ये कळतच नाही.

तो आवाज म्हणजे फुकट जाणारी बॅटरी, हे मला चोंढी नाक्याच्या पुढे कळायला लागलं. मांडव्याला उतरून अलिबागकडे निघालो, रस्ता सपाट, वारा नाही, असिस्ट दोनवर, मी पण बऱ्यापैकी पेडल मारतोय, आणि डिस्प्लेवर हिशोब किलोमीटरला दहा-अकरा वॉट-अवरचा. एवढ्याच पॉवरची बारीक टायरची ई-सायकल सहा-सातमध्ये भागवते. म्हणजे कंपनीने बॅटरी दुप्पट दिली आणि टायरने त्यातला चांगला मोठा वाटा रस्त्याला वाहून टाकला. लाँग रेंज आणि फॅट टायर हे दोन्ही शब्द एकाच जाहिरातीत शेजारी शेजारी छापतात, पण प्रत्यक्षात ती एकमेकांच्या ताटातलं खाणारी भावंडं आहेत.

हवेचा दाब वाढवून थोडं सुधारतं. रस्त्यावर मी वीस पीएसआय ठेवतो, याच्या वर गेलो की टायर चेंडूसारखा उडायला लागतो आणि जाड टायरचा मुद्दाच संपतो. पेट्रोल पंपावरचा गेज इतक्या खालचं नीट दाखवत नाही, त्यामुळे छोटा डिजिटल गेज जवळ ठेवा. व्हॉल्व्ह मोटरसायकलचाच असतो, हवा कुठेही भरून मिळते.

अलिबागमध्ये नाश्ता करून आक्षी, नागाव. आता हे टायर ज्याच्यासाठी बनलेत ते करून बघायचं होतं. फॅट बाइक मुळात अलास्काच्या बर्फासाठी आणि न्यू मेक्सिकोच्या वाळूसाठी लोकांनी खटपट करून जुळवलेल्या सायकली, २००५ मध्ये सर्ली कंपनीने पग्स्ली काढली तेव्हा कुठे त्या दुकानात मिळायला लागल्या. म्हणजे वाळू हे यांचं माहेरच म्हणायचं.

किनाऱ्यावर जायची वेळ मी घरूनच काढून ठेवली होती, कोकणातला जुना हिशोब, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. नवमी होती, नऊची पाऊणपट पावणेसात, म्हणजे सकाळी पावणेसातला भरती आणि साधारण एकच्या सुमारास पूर्ण ओहोटी. फक्त अष्टमी-नवमीला भांग म्हणजे छोटी भरती-ओहोटी असते, उधाण नसतं, त्यामुळे पाणी फार आत जात नाही, ओल्या वाळूचा पट्टा पौर्णिमा-अमावास्येइतका रुंद मिळत नाही. पण सायकलला पुरतो.

हवा दहा पीएसआयपर्यंत सोडली आणि उतरलो. वरच्या कोरड्या भुसभुशीत वाळूत वीस-पंचवीस पावलं जाईपर्यंत मागचं चाक नुसतं खणायला लागलं. कोणी व्हिडिओत दाखवत नाही हे. कोरड्या वाळूत २५० वॉटची हब मोटर अडते, चाक हळू फिरतं, करंट खूप खेचला जातो आणि ती सगळी वीज गरम होण्यात जाते. हब मोटरचं तसंच असतं, तिला वेग पाहिजे. उतरायचं, वॉक मोड लावायचा आणि शेजारून चालायचं. पण ओल्या वाळूवर पोहोचलो आणि मग काय विचारता! आवाज बंद, धक्के बंद, बाजूला पाणी, समोर नागावचा अख्खा किनारा मोकळा, घोडागाडीवाले सुद्धा अजून जेवायला गेलेले. पंधरा-सोळाच्या स्पीडने सरळ जात राहायचं. एक पोरगा शेजारून पळत आला, "काका, गाडी पाण्यात जाते का?" नाही रे बाबा, जात नाही, आणि न्यायची पण नाही, खारं पाणी हबच्या बेअरिंगमध्ये गेलं की खेळ खलास.

या आनंदाचा दर किलोमीटरला वीसच्या वर वॉट-अवर. आणि नंतर त्या दोन ढोल्या टायरमध्ये हातपंपाने परत हवा भरायची, ते पण एकच्या उन्हात. दंड भरून आले.

चौल, रेवदंडा पटापट केलं, रस्त्याकडेला पांढऱ्या कांद्याच्या माळा टांगलेल्या होत्या, घ्यायच्या तर कुठे लटकवणार म्हणून परतीवर ठेवल्या. कुंडलिकेच्या खाडीवरचा पूल ओलांडला, साळाव, मग कोर्लई. कोर्लईचा किल्ला आणि दीपगृह लांबूनच बघितलं. याच गावात अजूनही पोर्तुगीज मिसळलेली एक वेगळी बोली घराघरात बोलतात, कधीतरी फक्त तेवढ्यासाठी थांबायचंय.

काशीदनंतर रस्ता चढ-उताराचा आहे आणि इथे डिस्प्लेवरचे बॅटरीचे डब्बे नाचायला लागले. चढ आला की दोनवरून एकावर, सपाटीला परत दोन. घाबरायचं नाही, चढावर मोटर जोरात करंट खेचते तेव्हा व्होल्टेज खाली बसतं आणि डिस्प्ले त्यालाच उरलेली बॅटरी समजतो. त्यामुळे डब्बे बघूच नका, सपाटीवर थांबून व्होल्ट बघा. ४८ व्होल्टची बॅटरी भरलेली असताना ५४.६ दाखवते आणि चाळीसच्या आसपास कंट्रोलर वीज तोडतो. माझे तेव्हा चव्वेचाळीस होते. हिशोब असा की मी, सायकल आणि पिशव्या मिळून सव्वाशे किलोच्या आसपास, शंभर मीटर उंच चढायला नुसत्या गुरुत्वाकर्षणाचेच चौतीस-पस्तीस वॉट-अवर, वर मोटरचा तोटा. म्हणजे छोटे चढ बॅटरी मारत नाहीत. मारतात ते टायर, वाळू आणि थ्रॉटलवर बोट ठेवून बसणारा आळशी माणूस.

मुरुडच्या नवाबाचा राजवाडा दिसला तेव्हा एक डब्बा लुकलुकत होता. चेंबूरपासून बोट वगळून पंच्याऐंशीच्या आसपास किलोमीटर झाले, नागावची वाळू धरून. एकशे वीस नाही, पण मला वाटतं प्रामाणिक आकडा आहे, आणि पाय अजून चालत होते ही जास्त मोठी गोष्ट.

होमस्टेच्या काकूंनी चार्जर बघितल्या बघितल्या विचारलं, "किती युनिट खाते ही?" सव्वा युनिट म्हटलं तर विश्वास बसेना. चार्जर दीड-पावणेदोनशे वॉटचा, साध्या पाच अँपिअरच्या प्लगवर सात तास लागतात, बॅटरी काढून खोलीत नेता येते, बस. "मग एसी लावू नका, फिटंफाट," काकू म्हणाल्या आणि सुरमईचं विचारून आत गेल्या. रात्री सायकल गोड्या पाण्याने धुतली, बादली आणि फडक्याने, पाइपचा जोर नाही, आणि चेनला तेल. किनाऱ्यावरून आल्यावर हे टाळलंत तर आठवड्यात चेन गंजलेली बघाल.

परत निघालो ते अंधारातच. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले होते ते इथे कामाला आले. दुपारनंतर समुद्रावरून वायव्येचा वारा सुटतो, जाताना तो पाठीशी-कुशीशी असतो, येताना बरोबर तोंडावर. पहाटे मतलई वारा, हलका, जमिनीकडून. वाळूत उतरलो नाही, थ्रॉटलला हात लावला नाही, आणि मांडव्याला पोहोचलो तेव्हा तिसरा हिस्सा बॅटरी शिल्लक होती. हे एवढं अंतर पडतं वाऱ्याने आणि वाळूने. कांद्याच्या दोन माळा हँडलला.

पुढच्या आठवड्यात कुर्ल्यात मागचं चाक पंक्चर झालं. पंक्चरवाल्याकडे या साइजची ट्यूब नसते, कोणाकडेच नसते, आणि मोटरचं चाक काढायचं तर मोठा पाना लागतो, वायरचा कनेक्टर सोडवायला लागतो. त्या माणसाने चाक न काढताच टायर एका बाजूने उचकटून ट्यूब बाहेर ओढली आणि पॅच मारला, वर म्हणाला दुसऱ्या कोणाला चाक काढू देऊ नका, वायर तोडतात. तेव्हापासून एक ट्यूब ऑनलाइन मागवून बॅगेत ठेवलीय. बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये ही सायकल उभी करूनच जाते, आणि ज्यांच्याकडे लिफ्ट नाही त्यांनी बत्तीस किलोचा विचार आधी करावा, कुर्ल्याचे खड्डे नंतर.

मला स्वतःसाठी घ्यायची झाली तर हीच बॅटरी, पण टायर अडीच ते तीन इंचाचे आणि कमी गुट्ट्यांचे, आणि टॉर्क सेन्सर. या सायकलचा सेन्सर फक्त पेडल फिरतंय की नाही एवढंच बघतो, जोर किती लावला ते त्याला कळत नाही, त्यामुळे सिग्नलला ती एकदम पुढे उसळते. अडीच इंच खड्ड्यांना पुरतील, वाळूत नाही जाणार, चालेल. कोणाकडे अशी असेल चेंबूर-सायनच्या बाजूला, तर एखाद्या संध्याकाळी चालवायला द्या, पेट्रोलचा खर्च माझा असं म्हणता येत नाही, वडापाव माझ्याकडून.