वेम्ब्लीपर्यंत गेलेला पाचव्या क्रमांकाचा संघ

डॉर्टमुंड, जून 2024

गेल्या वर्षी 1 सप्टेंबरच्या शुक्रवारी संध्याकाळी मी बोरुसिया डॉर्टमुंड या फुटबॉल क्लबच्या स्टेडियममध्ये, दक्षिण स्टँडमध्ये उभा होतो. शेजारच्या आजोबांचे हंगामी पासाचे कार्ड त्या दिवशी माझ्या खिशात होते, कारण त्यांचा गुडघा दुखत होता आणि तिथे नव्वद मिनिटे उभे राहण्यावाचून पर्याय नसतो. समोर हायडेनहाइमचा संघ होता. या गावाची लोकसंख्या पन्नास हजारांच्या आसपास, म्हणजे सगळे गाव आमच्या स्टेडियममध्ये आणून बसवले तरी तीस हजार जागा रिकाम्या राहतील, आणि हा क्लब त्याच वर्षी इतिहासात पहिल्यांदा बुंडेसलिगात, म्हणजे जर्मनीच्या सर्वोच्च लीगमध्ये आलेला. पंधरा-सोळा मिनिटांत आमचे दोन गोल झाले. त्यानंतर आम्ही चेंडू इकडून तिकडे फिरवत राहिलो, पाहुण्यांनी एक गोल फेडला आणि अखेरच्या दहा मिनिटांत पेनल्टीवर दुसराही फेडला. 2-2. दुसऱ्या दिवशी कार्ड परत द्यायला गेलो तेव्हा आजोबांनी मला सामना कसा झाला हे विचारले नाही. ‘मे महिन्यात या गमावलेल्या दोन गुणांची आठवण काढ,’ एवढेच म्हणाले.

मे महिन्यात आम्ही आठवण काढली ती निराळ्याच कारणाने. बुंडेसलिगात पाचव्या क्रमांकावर राहिलेला हा संघ युरोपातल्या अव्वल क्लबांच्या चॅम्पियन्स लीगच्या, लंडनच्या वेम्ब्ली स्टेडियमवर होणाऱ्या अंतिम सामन्यात पोहोचला होता. भारतातल्या मित्रांचे अभिनंदनाचे संदेश अजून येत आहेत आणि प्रत्येकाला वाटते की बोरुसिया डॉर्टमुंडचा हा फार मोठा हंगाम होता. मला तसे वाटत नाही, आणि ते का वाटत नाही हे सविस्तर सांगण्यासाठीच हे लिहीत आहे.

त्याआधी थोडी पार्श्वभूमी. मी 2021 पासून या शहरात राहतो. हे शहर कोळसा आणि पोलादावर उभे राहिले आणि ते दोन्ही व्यवसाय माझ्या येण्याच्या कितीतरी आधी संपले. एका पोलाद कारखान्याची यंत्रसामग्री तर सुटी करून चीनला नेण्यात आली आणि त्या जागी आता तलाव आहे, ज्याच्या काठावर रविवारी लोक फिरायला येतात. कारखाने गेले तरी 1909 साली बोर्झिगप्लात्सजवळच्या कामगार वस्तीत स्थापन झालेला क्लब राहिला. आजोबांनी आयुष्यभर होएशच्या पोलाद कारखान्यात काम केले, तिथली भट्टी विझली, पण स्टेडियममधली त्यांची जागा मात्र अजून तीच आहे. ज्यांनी कोल्हापुरात तालमींचे फुटबॉल सामने पाहिले आहेत, त्यांना पेठ आणि संघ यांचे नाते समजावून सांगावे लागणार नाही. इथे फक्त पेठेच्या जागी अख्खे शहर आहे. स्टेडियममध्ये 81,365 प्रेक्षक मावतात आणि त्यांपैकी सुमारे पंचवीस हजार एकट्या दक्षिण स्टँडमध्ये उभे असतात. कार्यालयात वर्षानुवर्षे एकमेकांना ‘आपण’ म्हणणारे जर्मन त्या पायऱ्यांवर अनोळखी माणसाला पहिल्याच वाक्यात ‘तू’ म्हणतात, गोल झाला की मिठी मारतात आणि सामना संपल्यावर नावही न विचारता निघून जातात. या देशात मला सर्वांत आधी ‘अरे-तुरे’ कोणी केले असेल तर ते इथेच.

आता हंगामाकडे वळतो. त्याची सुरुवात खरे तर आदल्या मे महिन्यातच झाली होती. 27 मे 2023 रोजी माइन्त्झला घरच्या मैदानावर हरवले असते तर आम्ही विजेते झालो असतो. आमच्या सेबास्टियाँ हालेरची पेनल्टी अडवली गेली, सामना 2-2 असा सुटला, तिकडे कोलोनमध्ये बायर्न म्युनिकच्या जमाल मुसियालाने 89व्या मिनिटाला गोल केला आणि गुण समान असूनही गोलफरकावर बायर्नने सलग अकरावे विजेतेपद नेले. त्यानंतर काही आठवड्यांतच आमच्या मधल्या फळीतला ज्यूड बेलिंगहॅम रेआल माद्रिदला गेला. क्लबला शंभर दशलक्ष युरोंहून अधिक रक्कम मिळाली, मात्र त्याच्या जागी त्याच्यासारखा खेळाडू आला नाही. माझ्या मते पुढच्या बारा महिन्यांत जे काही झाले, त्यातले निम्मे याच एका गोष्टीतून निघते.

बेलिंगहॅम गोल करायचा म्हणून नव्हे, तर चेंडू घेऊन समोरच्या दोन माणसांना ओलांडून पुढे जायचा म्हणून तो महत्त्वाचा होता. प्रतिस्पर्धी दहा माणसे मागे ठेवून बसला की मधल्या फळीतून असे कोणीतरी घुसावे लागते. एमरे जान, मार्सेल झाबित्सर, सालिह ओझजान हे तिघेही मेहनती आहेत, धावतात, भिडतात, चेंडू हिसकावतात. पण हिसकावलेल्या चेंडूचे पुढे काय करायचे हा प्रश्न आला की तो बहुतेक वेळा बाजूला किंवा मागे जातो. मग बचाव फळीत हुमेल्सकडून श्लॉटरबेककडे, श्लॉटरबेककडून पुन्हा हुमेल्सकडे, आणि स्टँडमध्ये पंचवीस हजार लोकांची कुजबुज सुरू होते. हायडेनहाइमविरुद्ध हेच झाले. डिसेंबरमध्ये माइन्त्झविरुद्ध 1-1, फेब्रुवारीत हॉफेनहाइमकडून घरच्या मैदानावर 2-3 असा पराभव. बायर्नने नोव्हेंबरमध्ये इथे येऊन चार गोल केले, त्यांपैकी तीन हॅरी केनचे, आणि त्या रात्री मी मेट्रो सोडून चालतच घरी आलो. लाइपझिग आणि श्टुटगार्टही इथून जिंकून गेले.

आता याच संघाचा युरोपातला, म्हणजे चॅम्पियन्स लीगमधला हंगाम पाहा. गटात पॅरिस सेंट-जर्मन, मिलान आणि न्यूकॅसल. चिठ्ठ्या निघाल्या तेव्हा कार्यालयातल्या कोणीही आम्ही दुसऱ्या क्रमांकावरही राहू असे म्हटले नव्हते. पहिल्या दोन सामन्यांत आमचा एकही गोल झाला नाही, तरी शेवटी आम्ही गटात पहिले आलो. पुढे पीएसव्ही आइंडहोवन. मग अॅटलेटिको माद्रिदविरुद्ध पहिल्या सामन्यात 1-2 अशी हार आणि परतीच्या सामन्यात इथे 4-2, ज्यात दोन गोलांची आघाडी मिळवून ती गमावल्यावर फ्युलक्रुग आणि झाबित्सर यांनी तीन मिनिटांच्या आत सामना पुन्हा ओढून आणला. त्या चार-पाच मिनिटांत माझ्या अंगावर कोणाकोणाची बिअर सांडली हे सांगता येणार नाही. उपांत्य फेरीत पॅरिसला दोन्ही सामन्यांत 1-0 असे हरवले: इथे फ्युलक्रुगचा गोल, तिथे कॉर्नरवर हुमेल्सचा हेडर. पॅरिसमधल्या सामन्यात त्यांचे चार फटके गोलपोस्ट आणि आडव्या दांडीवर आदळले, हेही नोंदवले पाहिजे. दैव आपल्या बाजूने होते हे मान्य करायला मला संकोच वाटत नाही.

पण केवळ दैवावर कोणी वेम्ब्लीपर्यंत जात नाही. युरोपातले मोठे संघ चेंडू स्वतःकडे ठेवू इच्छितात, पुढे सरकतात आणि पाठीमागे मोकळी जागा सोडतात. प्रशिक्षक एदिन तेर्झिच यांच्या संघाला नेमके हेच हवे होते. आठ-नऊ माणसांनी मागे घट्ट उभे राहायचे, हुमेल्स आणि श्लॉटरबेक यांनी येईल तो चेंडू डोक्याने किंवा पायाने परतवायचा, त्यांच्यातूनही जो सुटेल तो गोलरक्षक ग्रेगर कोबेलने अडवायचा आणि चेंडू मिळताच आघाडीच्या अदेयेमी किंवा सँचोला त्या मोकळ्या जागेत सोडायचे. 30 मार्चला म्युनिकमध्ये बायर्नला 2-0 असे हरवले तेही अशाच खेळाने. तिथे आम्ही 2014 नंतर पहिल्यांदाच बुंडेसलिगाचा सामना जिंकला. याचा अर्थ असा की डॉर्टमुंडचे दोन चेहरे वगैरे काही नव्हते. संघ एकच होता, खेळही एकच होता. बलवान प्रतिस्पर्ध्यासमोर तो शहाणपणाचा दिसायचा आणि दुबळ्यासमोर भित्रा. चॅम्पियन्स लीगमध्ये घरच्या मैदानावर आम्ही एकदाही हरलो नाही, बुंडेसलिगात चारदा हरलो, हे आकडे त्याची साक्ष देतात. अंतिम सामन्याच्या सुमारास खुद्द हुमेल्सने जाहीर मुलाखतीत संघाच्या अतिबचावात्मक खेळावर टीका केली. वेळ चुकीची होती, मुद्दा नव्हता.

सगळ्यात जास्त खटकते ते वेगळेच. अकरा वर्षे आम्ही बायर्न कधी घसरतो याची वाट पाहत बसलो. यंदा ते घसरले, तिसऱ्या क्रमांकापर्यंत खाली आले, आणि त्या वर्षी विजेतेपद घेऊन गेले ते एकही सामना न हरलेले लेव्हरकुझेन. त्यांचे 90 गुण, आमचे 63. दार उघडले तेव्हा आम्ही सत्तावीस गुण मागे, रस्त्यावरही नव्हतो. चॅम्पियन्स लीगमधली पुढच्या वर्षीची जागा आम्हाला पाचव्या क्रमांकावर मिळाली तीसुद्धा जर्मन संघांच्या एकत्रित युरोपीय कामगिरीमुळे जर्मनीला एक जास्तीची जागा मिळाली म्हणून.

खेळाडूंविषयी थोडे बोलायला हवे. कोबेलला मी या हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू मानतो आणि त्यावर फार चर्चेची गरज नाही. जानेवारीत उसन्या आलेल्या सँचोने मोजक्याच सामन्यांत जुनी झलक दाखवली, पण पॅरिसविरुद्धच्या पहिल्या सामन्यात तो जसा खेळला तसे या मैदानावर कोणाला खेळताना मी पाहिलेले नाही. त्याच्याबरोबर चेल्सीहून आलेल्या मातसेनने डावी बाजू एकदम सुधारली. अंतिम सामन्यातल्या एका चुकीच्या पासवरून त्याला झोडपणाऱ्यांनी आधीचे चार महिने आठवावेत. फ्युलक्रुग हा जुन्या वळणाचा आघाडीवीर आहे, धीम्या गतीचा, पाठीवर बचावपटू घेऊन चेंडू थोपवणारा. आजोबांना तोच सर्वांत जास्त आवडतो. मधल्या फळीतला ब्रांट मला कधीच नीट समजला नाही: एका मिनिटाला तो असा पास देतो की श्वास अडकावा आणि पुढच्याच मिनिटाला पाच मीटरवरचा सहकारी त्याला सापडत नाही.

आणि मार्को रॉइस. याच शहरात जन्मलेला, 2012 पासून या संघात, 400हून अधिक सामने, दोनदा जर्मन चषक आणि बुंडेसलिगाचे विजेतेपद एकदाही नाही. मागच्या उन्हाळ्यात त्याने कर्णधारपद सोडले, मे महिन्यात क्लब सोडत असल्याचे जाहीर केले आणि 18 मे रोजी डार्मश्टाटविरुद्धच्या घरच्या अखेरच्या सामन्यात फ्री किकवर गोल केला. त्या दिवशी त्याने स्टेडियममध्ये आलेल्या प्रेक्षकांना स्वतःच्या खर्चाने बिअर पाजली. मी पीत नाही, म्हणून माझ्या वाटणीची शेजारच्या माणसाला दिली आणि रिकामा पेला अनामत रकमेसाठी परत न करता घरी आणला. ऐंशी हजार लोक सामना संपल्यावर तासभर जागचे हलले नाहीत. गुडघ्याची तक्रार करणारे आजोबाही त्या दिवशी स्वतः आले होते.

1 जूनचा अंतिम सामना मी कोपऱ्यावरच्या क्नाइपेत, म्हणजे गल्लीतल्या बिअरच्या गुत्त्यात पाहिला. पहिल्या अर्ध्या तासात आम्ही रेआल माद्रिदपेक्षा सरस होतो. अदेयेमी एकटाच त्यांचा गोलरक्षक कोर्त्वासमोर पोहोचला आणि त्याचा मार्ग बाहेरच्या बाजूला गेला, फ्युलक्रुगचा फटका पोस्टला लागून परतला. तेवढ्यात गोल झाला नाही तेव्हाच माझ्या शेजारच्या बाईंनी पैसे चुकते करायला पाकीट काढले. 74व्या मिनिटाला क्रूसच्या कॉर्नरवर कार्वाहालचा हेडर, 83व्या मिनिटाला व्हिनिसियस, आणि त्या दुसऱ्या गोलासाठी पास देणारा होता आमचा बेलिंगहॅम. क्नाइपेत त्याला कोणी शिवी दिली नाही. रॉइस बदली खेळाडू म्हणून पहिल्या गोलाच्या थोडाच आधी आला होता, पण त्यालाही काही करता आले नाही.

या आठवड्यात तेर्झिच यांनी पद सोडले आणि हुमेल्सचा करार वाढवला जाणार नसल्याचेही स्पष्ट झाले. तेर्झिच स्वतः लहानपणापासून याच क्लबचे चाहते, त्यामुळे त्यांच्यावर कठोर लिहिताना हात अडखळतो. तरीही त्यांचे जाणे योग्यच झाले असे मला वाटते, कारण घरी येणाऱ्या लहान संघांना कसे फोडायचे याचे उत्तर त्यांच्याजवळ दोन हंगामांत तयार झाले नाही. त्यांच्या जागी नुरी शाहिन येत आहेत. 2011 च्या विजेत्या संघात मधल्या फळीतून चेंडू पुढे नेण्याचे काम तेच करत असत, म्हणजे निदान कोणती जागा रिकामी आहे हे त्यांना सांगावे लागणार नाही. ती भरायला क्लब पैसे काढतो का, हे ऑगस्टअखेर कळेल.

हायडेनहाइमने यंदा आठवा क्रमांक मिळवला, त्यामुळे पुढच्या हंगामात ते पुन्हा इथे येतील. आजोबांना मी आताच सांगून ठेवले आहे की त्या सामन्याचे कार्ड मला हवे. गुडघा बरा असेल तर देणार नाही, असे त्यांचे उत्तर आहे.