केसपेपरच्या खिडकीपाशी अडलेला फॉलोअप

जनरल सर्जरीच्या एमएसची तीन वर्षे संपली. थिसिस, लॉगबुक (केलेल्या कामाची नोंदवही), जिल्हा रुग्णालयातले सक्तीचे तीन महिने हे सारे यथावकाश पार पडले. ओपीडीतल्या एका गोष्टीचा राग मात्र अजून गेलेला नाही.

आमच्याकडे प्रत्येक युनिटच्या, म्हणजे डॉक्टरांच्या पथकाच्या, ओपीडीचे वार ठरलेले होते. शस्त्रक्रिया झालेला रुग्ण चुकून दुसऱ्या वारी आला, की खिडकीवर त्याला नवा केसपेपर मिळे आणि त्या दिवशी ज्यांची ओपीडी, त्यांच्याकडे त्याची रवानगी होई. टाके तिथलाच जेआर, म्हणजे ज्युनिअर रेसिडेंट (शिकाऊ निवासी डॉक्टर), काढी. शस्त्रक्रिया मी केलेली असली, तरी जखमेचे पुढे काय झाले याचा मला पत्ता नसे. खिडकीवर विचारले, तर "डॉक्टर कोणीही असो, पेशंट बघितला ना?" असे उत्तर मिळे. कार्यालयात गेल्यावर संगणकात तशी सोय नसल्याचे कळले, अर्ज मागितला गेला आणि तो फाइलीत विसावला.

यात रेसिडेंटचे नुकसान काय, हे त्या कार्यालयाला कधी पटलेच नाही. हर्नियाला जाळी बसवल्यानंतर काही दिवसांनी जांघेत फुगवटा दिसला, तर तो बहुधा साठलेला द्रव, म्हणजे सिरोमा असतो. खोकल्यावर त्या फुगवट्यात धक्का जाणवत नाही आणि बहुतेकदा तो काही आठवड्यांत आपोआप जिरतो. घाईने सुई घातली, तर जाळीपर्यंत जंतुसंसर्ग पोहोचण्याची भीती असते. हे पुस्तकात आहेच, पण थांबण्याचे धैर्य तोच रुग्ण पुन्हापुन्हा तपासल्यावरच येते. टेबलावर नेटका झालेला हर्निया तीन महिन्यांनंतरही दुखत असेल, तर ते सांगायलाही तोच रुग्ण समोर यावा लागतो.

अखेर विभागप्रमुखांनी युनिट आणि वार असलेला रबरी शिक्का करून दिला. अर्जाने जे झाले नाही ते शिक्क्याने झाले, आणि त्यासाठी मी धरलेल्या चिकाटीचा मला आजही अभिमान वाटतो. शिक्का नसेल, तर डिस्चार्ज कार्डावर वार मराठीत ठळक लिहावा आणि नातेवाइकांकडून वाचून घ्यावा. एसटीने दिवसाची मजुरी बुडवून आलेल्या माणसाला "उद्या या" म्हणणे बरे नव्हे.

आणखी एक, जे आधीच सांगायला हवे होते: गर्दी कितीही असली, तरी हर्नियाचा रुग्ण आधी उभा करूनच तपासावा, कारण आडवे होताच छोटा हर्निया आत जातो. सरांना विचारण्यापूर्वी केसपेपरवर आपला निर्णय लिहून ठेवावा. भरती, तपासण्या की नुसती औषधे. नव्या फिशरचे (गुदद्वाराशी पडलेल्या चिरेचे) बरेच रुग्ण कोमट पाण्याचा शेक, शौच मऊ करणारे औषध आणि मलम एवढ्यावर बरे होतात, आणि शस्त्रक्रिया टाळण्याचा तो निर्णय लॉगबुकाच्या कोणत्याच रकान्यात बसत नसल्याने मी त्यासाठी वेगळी वही केली होती.