हस्तलिखित ज्ञानेश्वरीचे पाठभेद टिपताना: माझा अनुभव

ज्ञानेश्वरीच्या बाराव्या अध्यायातील पाठभेद, म्हणजे निरनिराळ्या प्रतींतले शब्दांचे फरक, हा मी एम. फिल.च्या प्रबंधासाठी विषय घेतला, तेव्हा छापील आवृत्त्यांवर भागणार नाही हे उघडच होते. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये पूर्ण झाली, पण त्या काळातली एकही पोथी आज उपलब्ध नाही. पुढे शके १५०६ मध्ये एकनाथांनी अशुद्ध झालेला पाठ दुरुस्त करून सिद्ध केला आणि तशी नोंदही करून ठेवली: ‘शके पंधराशें साहोत्तरीं । तारणनाम संवत्सरीं । एकाजनार्दनें अत्यादरीं । गीता-ज्ञानेश्वरी प्रति शुद्ध केली ॥’ बाळशास्त्री जांभेकरांनी १८४५ मध्ये ज्ञानेश्वरी शिळाछापावर काढली. १९०९ मध्ये वि. का. राजवाडे यांनी एकनाथपूर्व मानलेल्या पोथीवरून वेगळी आवृत्ती छापली. या आवृत्त्या शेजारी ठेवून वाचताना जे फरक दिसतात, त्यांतले कोणते मुळातले आणि कोणते लेखकूंच्या, म्हणजे पोथी उतरून काढणाऱ्यांच्या, हातून आलेले, याचा निवाडा पोथ्या उघडूनच करावा लागतो.

मराठी पोथ्या पुण्यात भांडारकर संस्थेत आणि भारत इतिहास संशोधक मंडळात आहेत, धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळात व समर्थ वाग्देवता मंदिरात आहेत, आणि भोसले राजांमुळे थेट तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातही आहेत. मी काम केले ते पुण्यातल्या एका जुन्या संस्थेत. पहिली पायरी हस्तलिखितांच्या सूचीची. तिथे ‘ज्ञानेश्वरी’ या नावाखाली जेवढे सापडते तेवढ्यावर थांबू नये. तोच ग्रंथ ‘भावार्थदीपिका’ म्हणून, ‘प्राकृत गीताटीका’ म्हणून, आणि सुटा अध्याय असेल तर नुसता ‘गीता, अ. १२’ म्हणूनही नोंदलेला असतो. पत्रसंख्या (पत्र म्हणजे पोथीचे सुटे पान), पत्राची लांबी-रुंदी, पृष्ठावरील ओळी आणि लेखनशक एवढे सूचीत मिळते. ‘पूर्ण’ हा शेरा मात्र पत्रे मोजून खात्री केल्याशिवाय धरून चालू नये, कारण पहिले आणि शेवटचे पत्र असले की पोथी पूर्ण समजली जाते आणि मधली दोन-चार पत्रे गेलेली असली तरी ते नोंदीत येत नाही.

अर्जासोबत मार्गदर्शकांचे शिफारसपत्र, विषयाचे टिपण आणि ओळखपत्राची प्रत द्यावी लागली. परवानगी मिळायला वेळ गेला, परंतु त्यात तक्रार करण्यासारखे मला काही वाटत नाही. तीनशे वर्षांचा कागद ज्याच्या त्याच्या हाती देणे शक्य नसते. आधी चित्रित प्रत पडद्यावर वाचायची आणि तिच्यावरून उलगडा होत नाही तेवढ्यापुरते मूळ पत्र मागायचे, अशी तिथली रीत होती. बरोबर फक्त पेन्सिल, हात कोरडे आणि स्वच्छ, एका वेळी एकच रुमाल (कापडात बांधलेला पोथीचा गठ्ठा), आणि वाचलेले पत्र त्याच क्रमाने उलटे ठेवायचे. पोथी सुटी असते. क्रम एकदा बिघडला की पुढच्या वाचकाला पत्रांक लावत बसावे लागते.

लाल खारव्यातून लाकडी पाट्यांमध्ये बांधलेली पोथी निघाली. कागद घोटीव होता, अक्षर टपोरे, शाई काजळीची आणि अजून काळीभोर. अध्यायसमाप्ती आणि दंड तांबड्या शाईत. शब्द तोडलेले नाहीत, सगळी ओळ अखंड. अशा वेळी अनोळखी मजकुरात शिरण्याऐवजी पाठ असलेल्या ओवीवरून लेखकूचे वळण शिकून घ्यावे, असे आमच्या सरांनी सांगितले होते आणि त्या सल्ल्याने माझे फार श्रम वाचले. बाराव्याचा आरंभ पोथीत ‘जयजयवोशुद्धेउदारेप्रसिद्धेअनवरतआनंदेवर्षतिये’ असा सलग दिसतो. ही ओवी तोंडपाठ असल्यामुळे ज, य, द्ध, प्र, त ही वळणे एका ओळीत पक्की झाली, आणि ‘वर्षतिये’मधला ष ओळखू आल्यामुळे पुढची मोठी अडचण सुटली, जुने लेखकू ख च्या जागी सर्रास ष लिहितात, म्हणून ‘दुष’ दिसले की ‘दुख’ वाचायचे. त्यानंतरही च आणि व, घ आणि ध, म आणि भ यांत घोटाळा व्हायचाच. तिथे त्याच लेखकूने तेच अक्षर निःसंशय शब्दात कसे काढले आहे हे शोधून ताडून पाहावे लागे.

पाठ टिपण्यासाठी मी एकेका ओवीला एक कागद ठेवला. वर आधाराला धरलेल्या छापील आवृत्तीचा पाठ आणि खाली प्रत्येक पोथीला दिलेल्या खुणेपुढे तिचा पाठ. ‘म्हणौनि’ आणि ‘म्हणोनि’, ‘तेथ’ आणि ‘तेथें’ असे भेद पुष्कळ निघतात. ते क्षुल्लक म्हणून सोडून द्यावेत असे वाटू लागते, पण जुनी रूपे कुठे टिकली आणि कुठे लेखकूने आपल्या काळची बोली घातली, हे त्यांच्यावरूनच कळते. एकूण एक भेद टिपणे मला म्हणूनच आवश्यक वाटते.

या कामात सर्वांत मोलाचे हाती आले ते समासात. एका पत्रावर लागोपाठच्या दोन ओव्या ‘तैसें’ने सुरू होतात. लेखकूची नजर पहिल्या ‘तैसें’वरून दुसऱ्यावर घसरली आणि पहिली ओवी गळाली. ओळीत त्या जागी काकपदाची, म्हणजे गाळलेला मजकूर दाखवणारी, बारीक खूण आहे आणि उजव्या समासात निराळ्या, बारीक हाताने ती ओवी लिहून ओळीचा आकडा घातला आहे. त्याच पत्रावर खाली दोन अक्षरांवर, ती खोडण्यासाठी लावलेला, हरताळाचा पिवळा पट्टा आहे. मूळ पत्र खिडकीच्या तिरप्या उजेडात धरल्यावर पट्ट्याखालचे अक्षर पुसट का होईना दिसले. चित्रात तिथे फक्त पिवळा डाग होता. ही पोथी शोधणाऱ्याने, म्हणजे दुरुस्त करणाऱ्याने, नुसते वाचले नव्हते, दुसरी एखादी प्रत समोर ठेवून ओळ न् ओळ ताडली होती, हे या एका पत्रावरून सिद्ध होत होते.

दुसरी पोथी दिसायला कितीतरी सुबक होती. समास कोरे, एकही खाडाखोड नाही, अक्षर मोत्यासारखे. तीत ती ओवी पाठातच जागच्या जागी होती. ती मुळापासून आली की कुणा शोधणाऱ्याच्या समासातून उचलली गेली, हे सांगणारी कोणतीच खूण त्या स्वच्छ प्रतीत उरलेली नव्हती. सुबक प्रतीला प्रदर्शनात मान मिळतो आणि तो योग्यच आहे, परंतु संपादनासाठी मी खाडाखोडीची प्रत वरची मानते, कारण निर्णय कसा झाला हे तिच्यातच शिल्लक राहते.

लेखनकाळ ठरवताना पुष्पिकेतला, म्हणजे पोथीच्या शेवटी लेखकूने केलेल्या नोंदीतला, शक संवत्सराच्या नावाशी ताडावा. शकात १२ मिळवून ६० ने भागावे. जी बाकी उरेल तो साठ संवत्सरांच्या चक्रातला, प्रभव या पहिल्या संवत्सरापासूनचा, क्रमांक. एकनाथांच्या १५०६ मध्ये १२ मिळवले की १५१८ होतात, बाकी १८ उरते आणि अठरावा संवत्सर तारणच आहे. माझ्या पहिल्या पोथीचा शक आणि संवत्सर जुळले. दुसरीचे जुळले नाहीत, तेव्हा तिची पुष्पिका मागच्या एखाद्या प्रतीवरून उतरताना बिघडली असावी असे मानून मी तिच्या शकावर कोणताही निष्कर्ष बांधला नाही.

पत्रांची चित्रे प्रबंधात छापण्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो आणि पोथीचा क्रमांक व संस्थेचे नाव प्रत्येक चित्राखाली द्यावे लागते. प्रबंधाची एक प्रत संस्थेला दिली. तिच्यासोबत दोन्ही पोथ्यांतील गहाळ पत्रांची यादी आणि समासातल्या प्रत्येक दुरुस्तीचे वर्णन जोडले आहे, त्यामुळे सूचीतल्या ‘पूर्ण’ या शेऱ्यापुढे आता त्या पत्रांचे आकडेही लिहिता येतील.