आईची औषधं

तो मेसेज माझ्यासाठी नव्हता. धाकटीचा फोन टेबलावर सुलटा पडला होता आणि माझी नजर गेली, एवढंच. मेसेज ताईचा होता, आणि ताई तर समोरच, हातभर अंतरावर बसलेली. ‘माई दमलेली दिसते. विचारू नकोस, नुसतं पाणी दे.’ वर ग्रुपचं नाव होतं: आईची औषधं.

धाकटीने माझ्याकडे न बघता ग्लास माझ्या बाजूला सरकवला. मी प्यायले.

अमेरिकेतलं नॅशव्हिल धाकटीनेच ठरवलं होतं. माझा पन्नासावा वाढदिवस घरात करायचा नाही, तिघींनीच कुठेतरी जायचं, नवरे-मुलं नकोत, आणि गाण्याचं गाव पाहिजे, अशा तिच्या अटी. ताई नाहीतरी अटलांटाला लेकाकडे आलेलीच होती. ब्लूबर्ड कॅफेची तिकिटं पटकन संपतात म्हणून धाकटीने गजर लावून ती मिळवली. बाहेरून बघाल तर काहीच नाही, दुकानांच्या रांगेतला एक साधा गाळा, १९८२ पासूनचा. आत जेमतेम नव्वद माणसं मावतात. गाणी लिहिणारी चौघं मधोमध एकमेकांकडे तोंड करून बसतात आणि ऐकणारे त्यांच्याभोवती, इतके जवळ की गिटारच्या तारेवरून बोट घसरलेलंही ऐकू येतं. एकेक जण आपलं गाणं कसं सुचलं ते सांगतो, मग गातो. बाकीचे ऐकता ऐकता मध्येच खालचा सूर धरतात. कुणी कुणाला खूण करत नाही. गाणं चालू असताना बोलायचं मात्र नाही, हा तिथला कडक नियम. म्हणूनच तर ताईने मेसेज केला होता.

आणि म्हणूनच मला काही विचारता आलं नाही.

एक बाई आपल्या वडिलांच्या ट्रकवरचं गाणं गात होत्या. पहिलं कडवं मी ऐकलं. पुढचं काही आठवत नाही. डोक्यात एकच चाललं होतं, की आई गेल्यावरही हा ग्रुप चालू आहे. नाव बदलावंसंही दोघींना वाटलेलं नाही. म्हणजे तो रोजच्या वापरातला आहे. आमचा तिघींचा ग्रुप आहेच की, ज्यात धाकटी कुंड्यांचे फोटो टाकते आणि ताई सणावारी शुभेच्छा पाठवते. खरं बोलणं दुसरीकडे होतं तर.

आई आजारी होती त्या वर्षी इकडे माझेही उपचार चालले होते, ते इथे पुन्हा लिहीत नाही. पण तेव्हा मी त्या तिघींच्या ग्रुपवर जगत होते, हे लिहिते. तिकडची रात्र म्हणजे माझी सकाळ. डोळे उघडले की आधी फोन. ‘आज बरी आहे.’ ‘आज अर्धी वाटी मऊ भात खाल्ला.’ ‘थोडा वेळ गॅलरीत बसली.’ तेवढ्यावर माझा दिवस निघायचा. हातात सुई टोचलेली असताना मी तो मऊ भात डोळ्यांसमोर आणायचे, त्यावरचं तूप, मेतकूट. आता कळतं की ते निरोप आधी दुसऱ्या ग्रुपमध्ये तयार होत होते. माईला आज काय सांगायचं, किती सांगायचं, हे ठरवून मग माझ्याकडे येत होते.

ब्लूबर्डमध्ये बोलायची बंदी, आणि तिथून बाहेर पडून ब्रॉडवेवर गेलो तर तिथे बोललेलं ऐकू येईना. नदीच्या बाजूचे ते काही चौक म्हणजे प्रत्येक दारातून वेगळा बँड, एकाच इमारतीत तीन मजल्यांवर तीन. आत जायला सहसा पैसे लागत नाहीत, वाजवणारे बहुतेक करून टिपांवरच जगतात. गाणं संपायच्या आत बादली फिरते. ताईने प्रत्येक वेळी पर्समधून नोट काढून बादलीत टाकली, दुसऱ्या कुणाला टाकू दिली नाही. कलावंताला रिकाम्या हाताने परत पाठवायचं नाही, हे आईचं. एका ठिकाणी पेडल स्टील वाजत होतं. मांडणीवर आडवी ठेवलेली गिटार, डाव्या हातात लोखंडी कांडी, पायाखाली पेडल, आणि सूर एका जागेवरून दुसऱ्या जागेवर जाताना मधली सगळी वाट दाखवत जाणारा. ताई पुढे जाऊन उभीच राहिली. माझ्या कानाला तोंड लावून ओरडली, ‘मींड बघ, मींड!’ किती आनंद होता तिच्या चेहऱ्यावर. मला तिचा राग आला होता आणि तिला मिठीही मारावीशी वाटत होती. मी दोन्हींपैकी काहीच केलं नाही. मग धाकटीने गायकाच्या कानात काहीतरी सांगितलं आणि सगळ्या गर्दीने माझ्यासाठी वाढदिवसाचं गाणं म्हटलं, अनोळखी माणसांनी, हॅट वर करून. मी हात जोडले. डोळे भरून आले ते का, हे तिथे कुणाला सांगायची गरज पडली नाही.

हॉटेलात दोघी लगेच झोपल्या. मी बाथरूमच्या दिव्याखाली बसून तिघींचा जुना ग्रुप मागे मागे नेत गेले आणि एकेका ओळीवर थांबले. भात खाल्ला, हे खरं असेल? गॅलरीत बसली, हे? एक निरोप मी तेव्हा जपून ठेवला होता, त्याचा फोटो काढून वेगळा. ‘आज आईने ताईबरोबर अभंगाची दोन कडवी म्हटली.’ त्या दिवशी मी वॉर्डातल्या नर्सलासुद्धा सांगितलं होतं, माझी आई गायली म्हणून. त्या रात्री हॉटेलात मला वाटलं, हेही ठरवूनच लिहिलेलं असणार. जिला धड बोलताही येत नव्हतं ती गाणार कशी. आणि मग फार वाईट वाटत गेलं. खोटं सांगितल्याचं तेवढं नाही. दोघी रडल्या असतील तर दोघी मिळून रडल्या. एकीला धीर नसेल तेव्हा दुसरीला असेल. मी इकडे बरी आहे, बरी आहे हे वाचून एकटीच हसत बसले होते. माझं रडणं मागाहून, एकदम, आणि एकटीचं.

शनिवारी सकाळी रायमनला गेलो. १८९२ मध्ये प्रार्थनेसाठी बांधलेली इमारत, आत अजून चर्चसारखे लाकडी बाक. ‘ग्रँड ओल ऑप्री’ हा रेडिओचा कार्यक्रम १९४३ ते १९७४ तिथूनच व्हायचा. माझं लक्ष नव्हतं. तिघी एका बाकावर बसलो, धाकटीने फोटो काढले, त्यात मी बरी दिसते.

दुपारी स्टुडिओ बी. हे मात्र नीट लिहायला हवं.

आरसीए या रेकॉर्ड कंपनीचा हा स्टुडिओ १९५७ चा. गायक एल्व्हिस प्रेस्लीने इथे दोनशेहून जास्त गाणी ध्वनिमुद्रित केली. खोली साधी, पण माणूस बोलला तरी आवाज गोल होऊन येतो. दाखवणाऱ्या मुलीने एक कागद दाखवला. त्यावर स्वरलिपी नव्हती, नुसते आकडे होते, एक, चार, पाच, एक. ही इथल्या वादकांची पद्धत, म्हणाली. जॉर्डनेअर्स या गायकांच्या चौकडीतल्या नील मॅथ्यूज यांनी १९५० च्या दशकाच्या शेवटी ती काढली. आकडे कुठल्याही एका पट्टीला बांधलेले नसतात. एक म्हणजे ज्या सुरात आज गायचं तो सूर, आणि बाकीचे त्यापासून मोजायचे. गायकाचा आवाज बसलेला असेल तर पट्टी खाली घ्यायची, कागद तोच राहतो. ताईला कोण आनंद झाला. ‘अगं, म्हणजे आपल्यासारखंच. सा कुठेही धरा!’ आणि त्याच दमात, त्या मुलीकडे बघत, खरं तर कुणाकडेच न बघता, मराठीत म्हणाली, ‘आईची पट्टी काळी चार. शेवटी शेवटी पांढरी चारवर आली होती. मी पेटीवर आपली खाली खाली शोधत जायचे, ती कुठे सापडते ते.’

धाकटीने मान हलवली. तिला ते माहीत होतं.

मला माहीत नव्हतं. आई गायली होती, इतकंच मला ठाऊक, तेही रात्रीपासून खोटं वाटायला लागलेलं. आणि आता ताई पट्टी सांगत होती. न विचारता. म्हणजे एकदाच नाही, बरेचदा गायली. आधी जीव भांड्यात पडला. ती दोन कडवी खरी होती. मग लगेच दुसरी कळ आली, की पट्टी उतरल्याचं मला कुणी कळवलं नाही. भात कळवला, गॅलरी कळवली. ज्या आवाजात मी वाढले तो खाली उतरत चालला होता, हे कळवलं नाही. पुढे त्या मुलीने दिवे घालवले. एल्व्हिसने एक गाणं इथे अंधार करून गायलं होतं, तसंच ऐकवतात. त्या अंधारात मी हुंदका आवरला नाही. ताईचा हात कुठून तरी आला आणि माझ्या मनगटावर बसला. तिला वाटलं असेल, गाण्यामुळे.

रविवारी सकाळी कंबरलँड नदीवरच्या पादचारी पुलावर मी विचारलं. विमानाला वेळ होता, ऊन कोवळं होतं, शेजारून लोक पळत होते. ‘‘आईची औषधं’मध्ये अजून काय काय आहे?’

धाकटी जागच्या जागी थांबली. ताई दोन पावलं पुढे जाऊन वळली.

‘तुला कधी दिसलं?’

‘शुक्रवारी.’

‘आणि आत्ता विचारतेस? वाढदिवस असाच काढलास?’

मी म्हटलं, मला भांडायचं नाही. मला त्यात असायचं होतं, एवढंच. आई माझीही होती.

ताई कठड्याला टेकली. ती रागावेल असं वाटलं होतं. तिने चष्मा काढून पदराने पुसला, ओढणीला ती अजून पदरच म्हणते, आणि म्हणाली, ‘माई, त्यात निम्मी औषधं तुझी आहेत.’

मला आधी कळलंच नाही. मग धाकटीने फोन उघडून माझ्या हातात दिला. वाच म्हणाली. आईच्या सकाळच्या गोळ्यांखाली माझ्या पुढच्या सलाइनची तारीख. आईचं बीपी, त्याखाली माझ्या पांढऱ्या पेशी. ‘आईला सांगितलं माईचं सगळं व्यवस्थित चाललंय.’ ‘तिने विचारलं, केस गेले का. मी नाही म्हटलं.’ आणि एका रात्री, ताईकडून, नुसतं: ‘आज मला जमत नाहीये.’ त्याखाली धाकटीचं: ‘मी उद्या इथून निघते. आधी माईकडे की तुझ्याकडे?’

पुढे वाचलं नाही. फोन परत दिला. धाकटी रडत होती, मोठ्याने, पुलावरची माणसं बघत होती, आणि ताई तिला ‘अगं आता काय त्याचं’ म्हणत स्वतःही तेच करत होती.

म्हणजे आईलाही माझ्याबद्दल असेच निरोप मिळत होते. बरी आहे. जेवली. दोन्ही टोकांना आम्ही दोघी, आणि मधे या दोघी रोज रात्री बसून कुणाला किती सांगायचं ते ठरवत होत्या. मी इतके दिवस त्यांच्याकडे बघून म्हणत आले, की तुम्ही दोघी होतात. त्या दोघी होत्या, पण सांभाळायलाही दोघी होत्या. रोज रात्री झोपायला किती वाजत असतील त्यांना, हे मी आजवर विचारलेलं नाही.

तरी सल पूर्ण गेला असं म्हणणार नाही. आई गायची ती पट्टी मला तेव्हाच हवी होती. सांगितलं असतं तर मी कुणाचं न ऐकता विमानात बसले असते, असं ताई म्हणते, आणि ते खरं आहे, बसलेच असते. तिचं बरोबर आणि माझंही बरोबर. पन्नाशीत हे दोन्ही शेजारी ठेवून जेवता येतं, असं दिसतंय. पुलावरून उतरून आम्ही तिघींनी भरपूर नाश्ता केला.

नॅशव्हिलच्या विमानतळावरही गाणं असतं. प्रवासी बॅगा ओढत जात असतात आणि कोपऱ्यात कुणीतरी गात असतं. ताईने तिथेही बादली शोधली.

त्या ग्रुपमध्ये मला घ्या असं मी म्हटलं नाही. धाकटीने काल विचारलं, घेऊ का, म्हणून. नको म्हटलं. त्यांच्या त्या रात्री त्यांच्याच असू देत, आणि माझी औषधं मी विसरले तर ओरडायला दोघींना एक जागा लागतेच. मी मात्र ताईला रोज फोन करून एकेक विचारायचं ठरवलं आहे. काल विचारलं, ती दोन कडवी कुठली. तिने फोनवरच म्हणून दाखवली, पांढरी चारमध्ये, पेटीशिवाय. आज विचारलं, मऊ भात खरंच खाल्ला होता का. ‘नाही,’ म्हणाली. ‘भात मी खाल्ला. ती बघत बसली होती.’ उद्या गॅलरीचं विचारणार आहे.