तुम्ही विचारलंत म्हणून : किल्ल्यांची फळी इतकी खाली का?

आमच्याकडे पहिल्यांदा येणारा जवळपास प्रत्येक जण हे विचारतो. बसतो, इकडेतिकडे बघतो, घर छान ठेवलंय म्हणतो आणि मग पॅसेजकडे बोट करतो. "बाकी सगळं इतकं नेटकं, मग किल्ल्या अडकवायची ती हुकांची फळी तेवढी का ठेवलीत? आणि इतकी खाली?" काही जण लगेच फोन काढून नव्या की-होल्डरचे फोटोही दाखवतात. आरसा बसवलेला, वर पत्रं ठेवायला कप्पा असलेला, झाकणाचा. हौसेने दाखवतात, त्यांच्या मनात वाईट काही नसतं. मी आजवर "असू दे, चालतंय" म्हणून विषय बदलत आले. पण आता एकदा सगळं सांगून टाकते.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी : हातभर लांबीची साधी लाकडी फळी, तिच्यावर दोन ओळींत पितळी कप-हुक. पॉलिश कधीच उडालंय. मुख्य दारापासून लांब, पॅसेजच्या आतल्या भिंतीवर, माझ्या कमरेच्या उंचीला. माझ्या सासऱ्यांनी स्वतः भोकं पाडून बसवलेली. हे शेवटचं वाक्य ऐकलं की लोक "अच्छा, आठवण म्हणून" असं म्हणून समजूतदारपणे गप्प होतात. तो समजूतदारपणा मला प्रश्नापेक्षा जास्त लागतो. बाबांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, आठवणी माझ्याकडे पुष्कळ आहेत, त्यासाठी मला भिंतीवर फळी नको.

आणि मला यातलं काही कळत नाही म्हणून ती राहिली, असंही नाही. मी बघितलंय सगळं. चुंबकी पट्टी दिसायला सगळ्यात स्वच्छ, पण किल्ली बहुतेक वेळा पितळेची असते, वर निकेलचा मुलामा. पितळ चुंबकाला चिकटत नाही. चिकटते ती पोलादी कडी. म्हणजे कडीत ओवलेला जुडगा लटकून राहील, पण सुटी किल्ली लावायला जाल तर ती सरळ खाली पडेल. चिकटवायचे हुक डिस्टेंपरच्या भिंतीवर लावू नका, कारण हुक चिकटतो रंगाला आणि रंग भुकटीसारखा सुटतो. त्यातून किल्ली काढताना दर वेळी एक हिसका बसतो तो वेगळाच. दाराजवळचा वाडगा सगळ्यात सोपा, आणि म्हणूनच त्यात किल्ल्यांशिवाय सुटे पैसे, पेनाची टोपणं, संपलेले सेल असं सगळं जमतं. शोधताना तो पालथाच करावा लागतो. हुकांची फळी घेणार असाल तर हुकांची संख्या बघू नका, दोन हुकांमधलं अंतर बघा. घरातला सगळ्यात जाड जुडगा शेजारच्या हुकावर चढत असेल, तर एक काढताना दोन खाली येतात.

जुडगाही फार जाड करू नये. एका कडीत दहा किल्ल्या आणि एक मोठं किचेन हे गाडीच्या कुलपालाही मानवत नाही. २०१४ मध्ये जनरल मोटर्सने इग्निशन स्विचच्या दोषामुळे लाखो गाड्या परत मागवल्या. कडीला वजन लटकलं की तो स्विच धक्क्याने जागचा हलून इंजिन बंद पडू शकत होतं. दुरुस्ती होईपर्यंत कडीत गाडीची किल्ली एकटीच ठेवा, असं कंपनीने चालकांना सांगितलं होतं. दोष स्विचचाच होता, हे खरं. तरी मी तेव्हापासून प्रत्येक किल्ली वेगळी लावते.

दाराजवळ का नाही, हाही नेहमीचा प्रश्न. दारातून, जाळीतून, पत्रांच्या फटीतून काठी घालून किल्ली ओढून घेता येते. कीलेस गाडीचं, म्हणजे किल्ली नुसती जवळ असली की उघडते तिचं, तर त्याहून वाईट. एक माणूस घराच्या दाराशी यंत्र धरतो, दुसरा गाडीशी. आत टांगलेल्या किल्लीचा सिग्नल या यंत्रातून त्या यंत्रात जातो आणि गाडीला वाटतं मालक आला. म्हणून ती किल्ली दारापासून लांब, धातूचं अस्तर असलेल्या पाकिटात. पाकीट खरंच काम करतं का हे बघायला किल्ली त्यात घाला आणि ते घेऊन गाडीपाशी जाऊन दार उघडतंय का बघा. उघडलं तर पाकीट बदला. किल्ल्यांचे फोटोही कुणाला पाठवू नका. सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवून दिलंय, की दुरून काढलेल्या फोटोवरूनही दात्यांची मापं काढून डुप्लिकेट किल्ली बनवता येते. त्यांनी तर जवळपास १९५ फुटांवरून, गच्चीवरून फोटो घेतला होता.

हे सगळं मला बाबा असतानाही बऱ्यापैकी माहीत होतं. म्हणूनच मला ती फळी काढायची होती. बंद कपाट, डोळ्यांच्या उंचीला, आत प्रत्येक हुकाखाली एकसारखी चिठ्ठी. जागा ठरली होती, मापं घेऊन झाली होती. बाबा म्हणाले, "तुझ्या डोळ्यांच्या उंचीला लावशील. मग तिने काय स्टूल घ्यायचं?" ती म्हणजे माझी लेक. मी म्हटलं, तिला किल्ल्या लागतात कशाला? त्यावर ते काही बोलले नाहीत. कपाटाचं बोलणं मागे पडलं.

त्यानंतरच्या सुट्टीत एका दुपारी मला कामावर लेकीचा फोन आला. चौथीत होती ती. घरी ती आणि आजोबा, दोघंच.

"आई, आजोबा आत पडलेत. दार उघडत नाहीये."

बाबांच्या खोलीला गोल मुठीचं लॅच होतं. आतून मधलं बटण दाबलं की बाहेरून किल्लीशिवाय उघडायचं नाही. दुपारी झोपताना बटण दाबायची त्यांना जुनी सवय. मी तिला फोन स्पीकरवर ठेवायला सांगितला. "फळीपाशी जा. खालची ओळ, अगदी शेवटची किल्ली. दोरा गुंडाळलेली."

तो दोरा बाबांनीच गुंडाळला होता. मोतीबिंदूमुळे त्यांना किल्ल्यांमधला फरक दिसेनासा झाला होता. तसाही तो दिसतो कुठे? लायनस येल या अमेरिकन कुलूपकाराने १८६० च्या दशकात खिशात मावेल अशी चपटी किल्ली आणली आणि घरोघरच्या किल्ल्या एकमेकींसारख्या दिसू लागल्या. दात्यांमधला फरक मिलिमीटरच्या अंशात असतो. धडधाकट डोळ्यांनाही तो घाईत कळत नाही, पण बोटांना दोरा कळतो. मुठीच्या भागावर जाड दोऱ्याचे वेढे आणि वर गाठ.

"जाड आहे तीच ना?"

"तीच."

हुकांचा किणकिणाट ऐकू आला आणि मग पावलं. मग नुसताच धातूवर धातू घासल्याचा आवाज. किल्ली जात नव्हती. "दाते वरच्या बाजूला कर," मी म्हटलं. ती म्हणाली, "केले." मी म्हटलं, "मग सावकाश." आमच्यापैकी कुणाचाच आवाज तेव्हा नेहमीसारखा नव्हता. लॅच फिरल्याचा आवाज मी फोनमध्ये स्पष्ट ऐकला.

दार आत उघडणारं होतं आणि बाबा दारालाच लागून पडले होते. चार बोटांएवढी फट झाली, पुढे नाही. ढकलू नको म्हणून मी ओरडले. तिने फटीतून हात आत घातला आणि त्यांनी तो धरला. हे मला तिने नंतर सांगितलं. फोनवर मला फक्त बाबांचा आवाज आला, अगदी हळू, पण नीट. ते तिला सांगत होते, "वरच्या ओळीतली पहिली. बाहेरचं दार उघड, शेजारच्या काकांना बोलाव."

आमचं बाहेरचं कुलूप आतूनही किल्लीनेच उघडायचं. दोघंच असले की बंद ठेवा, असं मीच सांगितलेलं होतं, आणि असं कुलूप असेल तर किल्ली कुठे आहे हे घरातल्या प्रत्येकाला झोपेतसुद्धा माहीत पाहिजे. आग लागली तर एरवी बाहेर पडता येत नाही. तिला माहीत होतं. पण ती जागची हलेना. "मी हात नाही सोडणार," ती म्हणत होती. ते म्हणाले, "सोड बाळा. आधी दार." मी इकडून म्हणत होते, सोड, सोड. शेवटी तिने सोडला.

बाबांच्या खुब्याचं हाड मोडलं होतं. शस्त्रक्रिया झाली, वॉकर आला, ते घरी आले. काही वर्षांनी गेले ते वेगळ्याच आजाराने. त्या दुपारी किती उशीर झाला असता आणि त्याने काय बिघडलं असतं याचा हिशोब मी मांडत नाही, तो कुणालाच मांडता येणार नाही. मला एवढंच ठाऊक आहे, की दोन्ही किल्ल्या तिच्या हाताला लागल्या, कारण त्या उघड्यावर होत्या, तिच्या उंचीला होत्या, आणि आपापल्या हुकावर एकेकट्या होत्या. कपाट असतं तर तिने स्टूल ओढलं असतं, झाकण उघडलं असतं, चिठ्ठ्या वाचल्या असत्या. जमलंही असतं कदाचित.

हे वाचून तुम्ही म्हणाल, झालं, मिळालं उत्तर. पण त्या वेळची मी अजून माझ्याशी भांडते आणि तिचे मुद्दे पोकळ नाहीत. उघडी फळी म्हणजे घरात शिरलेल्या चोरालाही सगळं हाताशी. आणि रांगतं मूल असेल तर एवढ्या खाली किल्ल्या ठेवणं अजिबात बरोबर नाही. पितळ कापायला सोपं जावं म्हणून किल्लीच्या पितळेत थोडं शिसं मिसळलेलं असतं आणि बाळं किल्ली आधी तोंडात घालतात. नणंद तिच्या बाळाला घेऊन यायची तेव्हा मी सगळ्या किल्ल्या काढून वर कपाटात ठेवायचे. त्या दिवसांपुरतं बाबांचं म्हणणं चूक आणि माझं बरोबर होतं. म्हणून "आम्ही कोणता की-होल्डर घेऊ" असं विचारलंत की मी आधी घरात कोण कोण आहे ते विचारते. माणसं न बघता उंची सांगणारा सल्ला मला पटत नाही, मग फोटो कितीही सुंदर असो.

खरं सांगायचं तर फळी काढा म्हणणाऱ्यांमध्ये आता सगळ्यात पुढे माझी लेक आहे. ती माझ्यापेक्षा उंच झाली, किल्ली घ्यायला तिला वाकावं लागतं. पण तिचं कारण वाकणं नाही. ती म्हणते, मला ती रोज बघायची नाहीये. सगळे पाहुण्यांना सांगतात की हिने किल्ली शोधली, दार उघडलं, केवढी शूर. तिला मात्र हात सोडला तेवढंच आठवतं. हे तिने मला फार उशिरा सांगितलं, आणि तोवर मीही ती गोष्ट कौतुकानेच सांगत होते.

तिच्याकडे दुसराही मुद्दा आहे आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. ती म्हणते, त्या खोलीचं लॅच तुम्ही तेव्हाच बदललं. आता तिथे नुसती कडी आहे, तीही बाहेरून नाण्याने फिरवता येणारी. मग ते पुन्हा तसं घडणारच नाही, फळी कशासाठी? बरोबर आहे तिचं. मी म्हणते, बाहेरचं कुलूप अजून तेच आहे. ती म्हणते, मग तेही बदला, आतून नुसती मूठ फिरवून उघडेल असं बसवा. हेही बरोबर आहे. कुलूप बदलायचं आम्ही ठरवलंय. पण फळी काढायचं मी कबूल केलेलं नाही. तिच्या बाबांचे गुडघे आता वाकत नाहीत आणि माझे डोळे सासऱ्यांच्या वाटेवर आहेत. फळी थोडी वर घ्यावी लागेल, एवढं मला दिसतंय. दोऱ्याचे वेढे मी आता बाहेरच्या दाराच्या किल्लीलाही घातलेत.

ती स्वतःची किल्ली फळीवर लावत नाही, बॅगेत ठेवते. लाव म्हणून मी आग्रह करत नाही. पण बॅगेतली किल्ली घरातल्या दुसऱ्या कुणाच्या उपयोगाची नाही, हे मी तिला सांगते. ती म्हणते, ती माझ्या उपयोगाची आहे तेवढं पुरे. त्यावर आमचं अजून जमलेलं नाही.