ठोकळा अखेर अडकला!

भूकंप कसा होतो ते टेबलावर दाखवायला सँडपेपरवरून दोरीने ओढतोय, तोच हा ठोकळा. अडकला, ताण साठवला आणि ठक्क करून पुढे उडाला! मागच्या नोंदीपर्यंत साहेब गोगलगायीसारखे सरपटत होते. स्टेपर मोटर फिरतेय, दोरी ओढतेय आणि ओढीच्या आलेखावर करवतीच्या दात्यांऐवजी सरळ रेघ. सँडपेपर बदलला, वेग कमी केला, ढिम्म फरक नाही. (स्वस्तातला सँडपेपर घेऊ नका. खर गळते आणि ठोकळा त्या भुकटीवरच घसरत राहतो.)

गोम दोरीत होती. जाड नायलॉन ताणलंच जात नाही. ठोकळा जरासा हलला की ओढ घर्षणापेक्षा आधी ढासळते, मग तो वेग कुठून पकडणार? लांब, मऊ स्प्रिंग लावली आणि गणित उलटलं: घर्षण आधी पडतं, ओढ शिल्लक राहते, ठोकळा सुटतो. वर वजन वाढवलं तर धक्के आणखी मोठे. १९६६ साली ब्रेस आणि बायर्ली या संशोधकांनी उथळ भूकंपांमागे हेच स्टिक-स्लिप (अडकणं आणि निसटणं) असावं असं सुचवलं होतं. ते टेबलावर ऐकू येतं तेव्हा भारी वाटतं.

सरपटणारे जुने आलेखही ठेवलेत. कॅलिफोर्नियातल्या सॅन अँड्रियास भ्रंशाचा (जिथे दोन बाजूंचे खडक एकमेकांवर सरकतात अशी भेग) दक्षिण भाग १८५७ मध्ये भूकंपात फुटला, उत्तर भाग १९०६ मध्ये. मधला पट्टा मात्र बराचसा असाच सरपटतो.

आता वाळूच्या पेटीत मध्य-महासागरी रांग (समुद्रतळाशी भूपट्ट एकमेकांपासून दूर सरकतात ती जागा) करायची ठरली होती. तिथे ताणामुळे खडक तुटतो, पण कवच तापलेलं, ठिसूळ थर पातळ, म्हणून भूकंप बेताचे. सबडक्शनमध्ये थंड भूपट्ट दुसऱ्याखाली तिरका जातो, अडकलेला पृष्ठभाग प्रचंड रुंद. १९६० च्या चिलीच्या ९.५ तीव्रतेच्या भूकंपात भ्रंश सुमारे हजार किलोमीटर फाटला. एकटा ठोकळा ते काय दाखवणार! तेव्हा पेटी मागे, आधी बर्रिज आणि नॉपॉफ यांच्या भूकंपाच्या मॉडेलसारखी स्प्रिंगांनी जोडलेली ठोकळ्यांची माळ. आणि हे लिहितानाच सुचलं: मधल्या एका ठोकळ्याखाली गुळगुळीत कागद घातला तर? धक्का तिथे थांबेल की पलीकडे उडी मारेल? हेच आधी करतो.

१९९४ च्या बोलिव्हियासारखे सहाशे किलोमीटरखालचे भूकंप या टेबलाच्या आवाक्याबाहेरचे. तिथल्या दाबाखाली साधं घर्षण चालत नाही. खनिजांचं रूपांतर वगैरे वेगळंच प्रकरण.

ओढ मोजणाऱ्या सेन्सरची एचएक्स७११ चिप सेकंदाला १० नोंदी देतेय, धक्क्याची टोकं निसटतात. सेकंदाला ८० नोंदींवर कुणी चालवलीय का? गोंगाट किती वाढतो?