सीन नदीत पोहायचं तर आधी गटारं बघा

2024 च्या ऑलिंपिकसाठी पॅरिसने नवी स्टेडियम फारशी बांधली नाहीत. सुमारे 1.4 अब्ज युरो मात्र सीन आणि तिला मिळणारी मार्न या नद्या पोहण्यालायक करण्यात घातले, आणि त्यातलं बरंचसं काम जमिनीखालचं होतं. सीनमध्ये पोहायला 1923 पासून बंदी होती. नदी साफ करून तिच्यात पोहून दाखवीन, असं जाक शिराक महापौर असताना 1990 मध्ये म्हणाले होते. ते राहूनच गेलं.

अडचण पॅरिसच्या गटारांच्या रचनेत आहे. एकोणिसाव्या शतकात बेलग्रां या अभियंत्याने जे जाळं घातलं, त्यात पावसाचं पाणी आणि घराघरातलं मैलापाणी एकाच वाहिनीतून जातं. कोरड्या दिवशी सगळं निमूटपणे शुद्धीकरण प्रकल्पात पोचतं. जोराचा पाऊस आला की वाहिनी भरते आणि जास्तीचं मिश्रण नदीकाठच्या सांडव्यांतून थेट सीनमध्ये जातं. ही गळती नव्हे, मुद्दाम केलेली सोय आहे. ती नसती तर तेच पाणी लोकांच्या तळघरांत चढलं असतं.

उपाय म्हणून ऑस्टरलिट्झ स्थानकाजवळ 50 मीटर व्यासाची, तीस मीटरांहून खोल टाकी खणली. तिच्यात 50,000 घनमीटर पाणी मावतं. पाऊस पडताना मिश्रण इथे साठवायचं आणि ओसरला की सावकाश शुद्धीकरणाकडे सोडायचं. आकडा ऐकायला मोठा, पण हिशेब करून बघा: पॅरिसचं क्षेत्रफळ सुमारे 105 चौरस किलोमीटर, म्हणजे शहरावर पडलेला 1 मिलिमीटर पाऊस 1,05,000 घनमीटर. ही टाकी त्यातला अर्धा मिलिमीटरही झेलत नाही. अर्थात ती एकटी सगळ्या शहरासाठी नाहीच, इतर साठवण आहे आणि बरंच पाणी जमिनीत मुरतंही. तरी संततधारेपुढे तिची ताकद किती, ते यावरून कळावं.

माझ्या मते जास्त मोलाची कामं दिखाऊ नव्हती. शहराच्या वरच्या अंगाला, म्हणजे नदी जिकडून येते तिकडे, उपनगरांत हजारो घरांचं सांडपाणी चुकून पावसाळी वाहिनीला जोडलेलं होतं. ते घरोघरी जाऊन शोधायचं, अंगण खोदायचं आणि जोड बदलायचा. मालक तयार नसेल तर काम तिथेच अडतं. नदीतल्या हाऊसबोटींनाही मलनिस्सारणाची जोडणी सक्तीची केली. वालांतोंच्या प्रकल्पात शुद्ध झालेल्या पाण्यावर परफॉर्मिक ॲसिडची आणि न्वाझी-ल-ग्रांच्या प्रकल्पात अतिनील किरणांची, जंतू मारणारी शेवटची प्रक्रिया बसवली. हे दोन्ही प्रकल्प सीनमधल्या ऑलिंपिक शर्यतींच्या जागेच्या वरच्या बाजूला आहेत, म्हणूनच ते महत्त्वाचे. आशेरचा सगळ्यात मोठा प्रकल्प खालच्या बाजूला असल्यामुळे पोहणाऱ्यांचा त्याच्याशी संबंध नाही.

एवढं करूनही 26 जुलैला उद्घाटनाच्या संध्याकाळी धो धो पाऊस आला. ट्रायथलॉनमध्ये (पोहणं, सायकल आणि धावणं अशी एकत्र शर्यत) 100 मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय या मैल्यातल्या जंतूची मर्यादा 1000 आहे. पावसानंतर आकडा चढतो आणि उतरायला वेळ लागतो, कारण जंतू मारायला ऊन लागतं आणि गढूळ पाण्यात ऊन खोलवर जात नाही. 28 आणि 29 जुलैचे सराव रद्द झाले. 30 तारखेची पुरुषांची शर्यत पहाटे पुढे ढकलली गेली आणि 31 ला महिलांच्या पाठोपाठ झाली. महिलांत कासांद्र बोग्रां आणि पुरुषांत ॲलेक्स यी जिंकले.

त्यात तपासणीचा पेच वेगळाच. नमुन्यातले जंतू प्रयोगशाळेत वाढायलाच बरेच तास लागतात, म्हणजे पहाटे हातात येणारा अहवाल आदल्या दिवशीच्या पाण्याचा असतो. मधल्या वेळेत नदीचं पाणी कितीतरी पुढे गेलेलं असतं. म्हणून निर्णय घेताना अहवालाबरोबर पावसाचा अंदाज आणि नदीचा प्रवाहही बघावा लागतो.

पर्यायी योजनेत मात्र मला कच्चेपणा दिसतो. 10 किलोमीटर पोहण्याच्या शर्यतीसाठी व्हेर-सुर-मार्नचं नौकानयन केंद्र राखून ठेवलं होतं. ट्रायथलॉनला राखीव दिवस होते. तेही वाया गेले तर पोहणं गाळून नुसतं धावणं आणि सायकल. चार वर्षं तिन्ही प्रकारांची तयारी केलेल्या खेळाडूला हा पर्याय कसा वाटेल?

प्रवाहाचाही प्रश्न होता. पावसाने नदी वेगात होती आणि शर्यतीच्या फेऱ्या अशा, की अर्धं अंतर प्रवाहाविरुद्ध. काठाशी पाणी संथ असतं, म्हणून 8 आणि 9 ऑगस्टच्या लांब शर्यतींत वर जाताना पोहणारे दगडी धक्क्याच्या भिंतीला अगदी चिकटून जात होते.

5 जुलै 2025 पासून बेर्सी, ब्रा मारी आणि ग्रनेल इथे सामान्य लोकांनाही उन्हाळ्यात पोहता येऊ लागलं. पावसामुळे पहिल्या काही दिवसांतच पोहणं थांबवावं लागलं. पण सार्वजनिक घाटाला तसं चालतं. पाणी खराब असेल तर झेंडा लावून दोन दिवस बंद ठेवता येतो. जगभर थेट दाखवल्या जाणाऱ्या शर्यतीला ती मुभा नसते.